कुत्र्यालाही चालेल, मोटारसायकललाही: गोव्याच्या पावसाळ्यासाठी ब्लोअर ड्रायर कसा निवडावा

जूनमध्ये पाऊस धरला की सप्टेंबर सरेपर्यंत गोव्यात मोटारसायकल आणि कुत्रा दोघंही पुरते वाळत नाहीत. गाडी धुतली नाही तर तांबड्या मातीचा थर चेनवर आणि इंजिनाच्या फिन्समध्ये बसतो. धुतली तर पाणी खाचाखोचांत साचून राहतं. कुत्र्याचा वरचा केस कोरडा वाटतो, पण आतली लव दोन-दोन दिवस दमट राहते आणि मग खाज, वास, लाल चट्टे सुरू होतात. दोन वेगळी मशीनं कशाला, एकातच भागेल का, हा प्रश्न मग साहजिकच येतो.

भागतं, पण एका अटीवर. मशीन कुत्र्याच्या मापानं निवडायचं आणि तेच गाडीला वापरायचं. आवाज, उष्णता आणि झोताचा जोर या तिन्ही गोष्टी कुत्र्याला सोसाव्या लागतात, गाडीला त्यातलं काहीच सोसावं लागत नाही. गाडीसाठी घेतलेलं मशीन कुत्र्यावर चालवायला गेलात तर बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी कुत्रा पलंगाखाली जाऊन बसतो आणि पुढे मशीन दिसलं तरी थरथरतो. ती भीती घालवायला महिने लागतात.

पाणी वाळवायचं की उडवायचं

पावसाळ्यातली हवा आधीच पाण्यानं भरलेली असते. २८ अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २७ ग्रॅमच्या आसपास वाफ मावते. आर्द्रता ९० टक्के असेल तर त्यातली साडेचोवीस ग्रॅमची जागा आधीच भरलेली असते, म्हणजे नवीन पाण्याला उरते जेमतेम अडीच-पावणेतीन ग्रॅमची. मिनिटाला ३ घनमीटर हवा फेकणारा ब्लोअर अशा हवेनं मिनिटाला फार तर ८ ग्रॅम पाणी वाळवू शकेल. लॅब्रेडॉरच्या अंगात अर्धा लिटर पाणी असेल तर एक तास. म्हणून जुलैत पंख्याखाली बसवलेला कुत्रा वाळत नाही.

ब्लोअरचं खरं काम वेगळं आहे. तो पाण्याचे थेंब केसांवरून किंवा धातूवरून ढकलून काढतो. थेंब उडाला की त्याची वाफ करायची गरजच उरत नाही. शेवटचा जो दमटपणा राहतो तेवढाच वाळवायचा असतो, आणि त्यासाठी हवा थोडी कोमट असली की पुरतं. तीच २८ अंशांची हवा ३८ अंशांपर्यंत तापली तर तिच्यात प्रत्येक घनमीटरमागे आणखी २० ग्रॅमच्या वर पाणी मावतं. दहा अंशांच्या वाढीनं क्षमता सात-आठ पट होते. एवढी ऊब मोटर स्वतःच देते, वेगळा हीटर लागत नाही. तेव्हा निवडताना वाऱ्याचा वेग आणि हवेचं प्रमाण आधी बघा. हीटर असला-नसला तरी फरक पडत नाही.

पुठ्ठ्यावरचे आकडे कसे वाचायचे

वॉट म्हणजे वारा नव्हे. मशीनमध्ये गेलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर येते. त्यामुळे साधा हिशोब करता येतो: वॉटला २० नं भागा, मग मिनिटाला येणाऱ्या घनमीटरनं भागा. उत्तर म्हणजे हवा साधारण किती अंशांनी तापेल. ६०० वॉट आणि ३ घनमीटर असेल तर १० अंश. २४०० वॉट आणि तेवढीच हवा असेल तर ४० अंश. बाहेर ३० अंश असताना ही दुसरी हवा ७० अंशांना बाहेर पडेल, आणि ती कुत्र्याच्या कातडीला भाजेल. २४०० वॉटच्या मशीनवर हीटर वेगळ्या बटणानं पूर्ण बंद करता येतो का, हे म्हणूनच विचारायचं. काही स्वस्त मशीनमध्ये वेग वाढवला की हीटरही आपोआप वाढतो. ती घेऊ नका.

दुसरा आकडा झोताच्या वेगाचा, मीटर दर सेकंद असा लिहिलेला असतो. तो आणि हवेचं प्रमाण एकमेकांशी जुळतात का ते नॉझलच्या तोंडावरून तपासा. ३० मिलिमीटर व्यासाच्या तोंडाचं क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस सेंटिमीटर. त्यातून ६० मीटर दर सेकंद वेगानं हवा गेली तर मिनिटाला साधारण अडीच घनमीटर होतात, म्हणजे ९० सीएफएम. (सीएफएम म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा; मिनिटाला १ घनमीटर म्हणजे ३५ सीएफएम.) त्याच नॉझलवर कुणी ६० मीटर आणि २०० सीएफएम दोन्ही लिहिलं असेल तर त्यातला एक आकडा नॉझल काढून मोजलेला असतो. दोन्ही खरे असतील, पण एकाच वेळी मिळणार नाहीत.

एचपीकडे तर बघूच नका. एक एचपी म्हणजे ७४६ वॉट. मशीनच्या खालच्या पट्टीवर १२०० वॉट असेल आणि पुठ्ठ्यावर ४ एचपी, तर पट्टीवर विश्वास ठेवायचा.

आवाजाचा आकडा किती अंतरावरून मोजला हे बहुधा लिहिलेलं नसतं. दुकानात मशीन चालू करून हाताच्या अंतरावर उभ्या माणसाशी बोलून बघा. आवाज चढवल्याशिवाय ऐकू जात नसेल तर तो ८५ डेसिबलच्या आसपास किंवा वर आहे असं समजा. माणसाचं ऐकणं २०,००० हर्ट्झला थांबतं, कुत्र्याचं ४०,००० च्याही पुढे जातं. आपल्याला जी नुसती घरघर वाटते, तिच्यासोबत येणारी मोटरची किणकिण त्याला ऐकू येत असते.

बाजारात काय मिळतं

घरातला हेअर ड्रायर आधी बाजूला ठेवा. त्यात हवा कमी आणि वॉट जास्त असतात, वरच्या हिशोबानं हवा पन्नास-साठ अंशांनी तापते. कुत्र्याची कातडी भाजते, गाडीवरचे स्टिकर सुटतात, आणि पाणी मात्र उडत नाही.

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा हातातला ब्लोअर ५०० ते ८०० वॉटचा असतो, मोटर मिनिटाला १३,००० ते १६,००० फेरे मारते, हवा २.५ ते ३.५ घनमीटर. म्हापसा, मडगाव, फोंडा इथल्या कुठल्याही मोठ्या हार्डवेअरमध्ये तो मिळेल. किंमत साधारण दीड ते चार हजार. गाडीसाठी हा उत्तम आहे. कुत्र्यासाठी त्याच्या अडचणी तीन: मशीनच हातात असल्यानं सगळा आवाज कुत्र्याच्या कानाजवळ येतो, नळी नसल्यानं पोटाखाली, काखेत पोचता येत नाही, आणि बऱ्याच मॉडेलना वेगाचा डायल नसतो, चालू म्हणजे एकदम पूर्ण जोर. घ्यायचाच असेल तर डायलवाला घ्या.

पेट ड्रायर, ज्याला ग्रूमिंगवाले फोर्स ड्रायर म्हणतात, तो जमिनीवर ठेवायचा डबा असतो. त्याला दोन ते अडीच मीटरची लवचिक नळी, दोन-तीन नॉझल आणि फिरवून कमी-जास्त करायचा वेग असतो. मोटर १००० ते २००० वॉटच्या घरातली, वर हीटर. सहा हजारांपासून वीस हजारांपर्यंत किमती आहेत. नळीमुळे आवाज कुत्र्यापासून दूर राहतो आणि तोच फायदा गाडीलाही होतो: नळी हातात धरून चेनखाली, मडगार्डच्या आत, सीटखाली कुठेही जाता येतं. एकाच मशीनमध्ये दोघांचं भागवायचं असेल तर आमचं मत याच प्रकाराला आहे.

बॅटरीवरचे ब्लोअर फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना उपयोगी. पर्वरी, ताळगावसारख्या ठिकाणी गाडी खाली पार्किंगमध्ये आणि प्लग तिसऱ्या मजल्यावर, अशी स्थिती सर्रास असते. १८ व्होल्ट, ४ ॲम्पियर-अवरची बॅटरी म्हणजे ७२ वॉट-अवर. ब्लोअर ३०० वॉट खात असेल तर १४ मिनिटं चालेल. गाडीला तेवढं पुरतं, दाट केसांच्या कुत्र्याला पुरत नाही.

अमेरिकेत मोटारसायकलसाठी खास बनवलेले ड्रायर मिळतात, मेट्रोव्हॅक ही त्यातली जुनी कंपनी. परदेशातून कुणी आणून देत असेल तर पट्टीवर १२० व्होल्ट लिहिलंय का ते आधी बघा. तसं मशीन आपल्या २३० व्होल्टला लावलं की मोटर जळते. बदलायचा ट्रान्सफॉर्मर मशीनपेक्षा जड पडतो.

आणि कॉम्प्रेसर. सर्व्हिस स्टेशनवर सहा-आठ बार दाबाची हवा मारतात. हा दाब चाकाच्या बेअरिंगच्या सीलमधून पाणी आत ढकलतो आणि रेडिएटरच्या पातळ पट्ट्या वाकवतो. कुत्र्यावर तर कधीही नाही: कानाचा पडदा फाटू शकतो, डोळ्याला इजा होते.

तुमच्या घराला कुठला?

कुत्रा आखूड केसांचा असेल, गावठी किंवा बीगलसारखा, तर त्याला ड्रायरची जवळजवळ गरज नाही. दोन सुती पंचे आणि पंखा पुरेत. अशा घरात हार्डवेअरचा ब्लोअर फक्त गाडीसाठी घ्या आणि पैसे वाचवा.

लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, हस्की यांना दुहेरी केस असतात. वरचा खरखरीत, खाली दाट लव. पावसाळ्यात त्वचेचे आजार याच लवेत सुरू होतात. इथे १२०० ते १८०० वॉट मोटरचा, हीटर वेगळा बंद होणारा पेट ड्रायर घ्यावा. दोन मोटरच्या मोठ्या मशीनची गरज रोज आठ-दहा कुत्री धुणाऱ्याला असते, घरात नाही.

शिह त्झू, ल्हासा, कॉकर स्पॅनियल यांचे केस लांब. जोराच्या झोतात ते एकमेकांभोवती पिळले जाऊन गाठी पडतात. त्यांच्यासाठी जोरापेक्षा किमान वेग किती खाली येतो हे महत्त्वाचं, आणि रुंद चपटं नॉझल हवंच.

पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धाप लागून अंग तापायला वेळ लागत नाही. हीटर कधीच नाही. म्हातारा, हृदयविकाराचा किंवा फिट येणारा कुत्रा, गाभण कुत्री, लहान पिल्लू यांच्यासाठी ड्रायर वापरण्याआधी जनावरांच्या डॉक्टरांना विचारा.

विजेचं आधी बघा, मशीन मग

खरेदीआधी घरातला प्लग पॉइंट तपासा. साधा लहान पॉइंट ६ ॲम्पियरचा, म्हणजे २३० व्होल्टला १३८० वॉट. हातातला ६०० वॉटचा ब्लोअर अडीच-तीन ॲम्पियर घेतो, तो कुठेही चालेल. २४०० वॉटचा ड्रायर साडेदहा ॲम्पियर घेतो, त्याला फ्रीज-गिझरचा १६ ॲम्पियरचा मोठा पॉइंटच हवा. मोठ्या पिनला कन्व्हर्टर लावून लहान पॉइंटमध्ये घालणं हे इथल्या घरांत रोज दिसतं. पंधरा मिनिटांत सॉकेट काळं पडतं. एक्स्टेंशन बोर्ड लागणारच असेल तर वायर किमान १.५ चौरस मिलिमीटरची, लांब असेल तर २.५ ची घ्या. गुंडाळी पूर्ण सोडून वापरा, गुंडाळलेली वायर तापते.

गाडी आणि कुत्रा दोन्ही धुतले जातात बाहेर: सोप्यावर, बाल्कांवासमोर (घरापुढच्या ओसरीसमोर), विहिरीच्या कडेला. जमीन ओली, पाय ओले, कुत्रा ओला. अशा जागी ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर ड्रायर वापरू नका, इथे तडजोड नको. आरसीसीबी असेल तर महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का बघा. बहुतेक पेट ड्रायर धातूच्या डब्याचे असतात, त्यांना अर्थिंग लागतंच. जुन्या घरांत तिसऱ्या पिनच्या मागे तारच नसते, किंवा अर्थिंगचा खड्डा जांभ्या दगडात उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत पडतो. परवानाधारक वायरमनकडून एकदा मोजून घ्या. प्लग नेहमी पाण्यापासून लांब आणि जमिनीपासून वर. वायर प्लगकडे जाताना आधी खाली झोल देऊन मग वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता झोलातून टपकतं.

पावसाळ्यात वीज खात्याचा पुरवठा खंडित होतो तेव्हा इन्व्हर्टरवर ड्रायर चालवायचा मोह होतो. ९०० व्हीएचा घरगुती इन्व्हर्टर साधारण ७०० वॉटपर्यंतच देतो. चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर डायलवालं मशीन गुरगुरतं आणि तापतं. वीज येईपर्यंत पंचा वापरा.

दुकानात दहा मिनिटं

मशीन चालवल्याशिवाय घेऊ नका. हीटर बंद, वेग पूर्ण, पाच मिनिटं चालू ठेवा आणि नॉझलपासून १५ सेंटिमीटरवर हाताचा मागचा भाग धरा. दहा सेकंदांत हात काढावासा वाटला तर ते मशीन कुत्र्यासाठी नाही. मग वेग अगदी खाली आणा. चांगल्या मशीनचा किमान झोत चेहऱ्यावर घेतला तरी डोळे मिटावेसे वाटत नाहीत. नळी जिथे डब्याला जोडते तिथे हात फिरवा, हवा गळते का बघा. नळीचं टोक फिरतं आहे की घट्ट आहे तेही बघा. फिरत नसेल तर कुत्र्याभोवती दोन चकरा मारल्या की नळी पिळवटते आणि सांध्यात तडकते.

सुरुवातीला कार्बनचा हलका वास येणं ठीक. ठिणग्यांचा वर्तुळाकार जाळ मोटरभोवती दिसला तर नको. कार्बन ब्रश, म्हणजे फिरत्या मोटरला वीज पोचवणारे झिजणारे तुकडे, बाहेरून बदलता येतात का, सुटे मिळतात का, हे विचारा. ते मिळत असतील तर मोटर वर्षानुवर्षं चालते. नसतील तर ब्रश झिजले की अख्खं मशीन टाकावं लागतं. सर्व्हिस सेंटर गोव्यात आहे की मशीन पुण्या-मुंबईला पाठवावं लागेल, हेही बिल करण्याआधी.

कुत्र्याला सवय लावणं

आठवडाभर द्या. पहिले दोन दिवस मशीन बंद ठेवून खोलीत ठेवायचं, त्याच्याभोवती खाऊ टाकायचा. मग दुसऱ्या खोलीत किमान वेगावर चालू करायचं आणि इकडे खाऊ चालू. आवाज बंद, खाऊ बंद. तीन-चार दिवसांत मशीन त्याच खोलीत, दोन मीटरवर, झोत भिंतीकडे. सर्वात शेवटी मागच्या पायावर हलका झोत, पाच सेकंद. ओठ चाटणं, विनाकारण जांभया, शेपूट पोटाखाली, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, ही थांबायची चिन्हं. दिसली की एक पायरी मागे जा. धरून ठेवून उरकलं तर पुढच्या वेळी तो चावेल.

आंघोळीनंतर आधी पंचा. घासू नका, दाबून पाणी टिपा. दोन पंचे पूर्ण भिजेपर्यंत हे केलं तर ड्रायरचं काम अर्ध्यावर येतं. कुत्रा समुद्रात खेळून आला असेल तर गोड्या पाण्यानं मीठ आणि वाळू धुतल्याशिवाय झोत लावूच नका. वाळू उडून त्याच्या आणि तुमच्या डोळ्यांत जाते, आणि मीठ केसांच्या मुळाशी सुकून राहिलं तर खाज सुटते.

कानांत सैल कापसाचे बोळे, वरून मऊ सुती पट्टी. बोळे नंतर काढायला विसरू नका. सुरुवात मागच्या पायापासून, मग पाठ, कुशी, छाती. नॉझल २० ते ३० सेंटिमीटरवर, अंगाशी तिरकं. झोत वरून खाली आणि पुढून मागे असा नेला की पाणी एका रेषेत पुढे सरकताना दिसतं, त्या रेषेचा पाठलाग करायचा. एका जागी थांबायचं नाही. दुहेरी केसांत झोतानं केस फाकतात आणि कातडी दिसते. तेवढ्यात गोचिड्या आणि लाल चट्टे बघून घ्या, एरवी ही जागा डोळ्यांना दिसत नाही. जट झालेली असेल तिथे झोत नको, जट आणखी आवळते. ती आधी हातानं सोडवा किंवा कापा.

काखा, जांघा, शेपटीचं मूळ, गळपट्ट्याखालची जागा आणि पायाच्या बोटांमधल्या फटी सर्वात उशिरा वाळतात. पावसाळ्यातला ओलसर फोड, ज्याला डॉक्टर हॉट स्पॉट म्हणतात, बहुतेक वेळा अशाच दमट राहिलेल्या जागी येतो. इथे वेग कमी करून वेळ द्या. चेहरा आणि कान फक्त पंचानं, झोत नाही. वाळलं की नाही हे वरून हात फिरवून कळत नाही: केस फाकून कातडीला बोटाचं पेर लावा. गार लागली तर अजून ओल आहे.

धाप वाढली, जीभ लांब आणि गडद लाल झाली, लाळ घट्ट झाली तर लगेच थांबा आणि मोकळ्या हवेत न्या. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश असतं. ४० च्या वर गेलं तर साध्या पाण्यानं पोट आणि पंजे ओले करा, पंख्याचा वारा द्या आणि डॉक्टरांना फोन करा. मे महिन्याच्या दुपारी, किंवा बंद न्हाणीघरात ड्रायर चालवला की हा धोका सर्वात जास्त.

गाडी

इंजिन थंड झाल्यावरच धुवा. शेवटचं पाणी पाइपच्या सळसळत्या, दाब नसलेल्या धारेनं टाकीवरून सोडा. पाणी चादरीसारखं एकसंध ओघळतं आणि थेंब कमी उरतात. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी जड असेल तर थेंब जागेवर वाळून पांढरे डाग पडतात, म्हणून उन्हात धुऊ नका.

झोत वरून खाली. आधी आरसे, मीटर, टाकीच्या झाकणाची खाच, मग हँडलवरचे स्विच आणि चावीचं भोक. इथे वेळ काढा. हॉर्न आणि इंडिकेटर पावसाळ्यात बंद पडतात ते बहुधा स्विचमधल्या ओलीनं. मग सीटखाली, बॅटरीच्या टोकांवर, वायरिंगच्या जोडांवर. स्पार्क प्लगच्या खड्ड्यात पाणी साचलेलं असेल तर चपट्या नॉझलनं बाहेर काढा. प्लग काढायचा असेल तर खड्डा कोरडा झाल्यावरच, नाहीतर ते पाणी सिलिंडरमध्ये जातं. बुलेटसारख्या आऱ्यांच्या चाकांवर प्रत्येक आऱ्याच्या मुळाशी असलेल्या निपलवर झोत द्या, गंज तिथूनच सुरू होतो.

एअर फिल्टरच्या तोंडात आणि सायलेन्सरच्या नळीत झोत घालायचा नाही. पेट्रोल गळत असेल, टाकीचं झाकण उघडं असेल किंवा जवळच चेन पेट्रोलनं धुतलेली असेल तर मशीन चालूच करू नका. ब्रशवाल्या मोटरमध्ये सतत ठिणग्या पडतात आणि पेट्रोलच्या वाफेला एवढं कारण पुरतं.

चेन शेवटी. मेन स्टँडवर, इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, चाक हातानं फिरवत, झोत चेनच्या आतल्या बाजूनं बाहेर. इंजिनावर चाक फिरवत चेनजवळ हात नेल्यानं बोटं गेलेली आहेत. चेन कोरडी झाली की लगेच ल्यूब लावा आणि मुरू द्या, ओल्या चेनवर लावलेलं ल्यूब आत जात नाही. ब्रेकच्या डिस्कवर झोत मारल्यावरही गाडी सावकाश चालवत दोन्ही ब्रेक चार-पाच वेळा हलके दाबा. डिस्क आणि पॅडमधलं पाणी त्यानंच जातं.

दिवसभर पावसात राहणाऱ्या पायलटांच्या, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाल्यांच्या, पिवळ्या-काळ्या गाड्यांना रोज एवढं करणं शक्य नाही. त्यांच्यासाठी तीन मिनिटांचा क्रम: स्विच, प्लग, चेन. मिरामार किंवा कोलव्याच्या किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी मात्र आठवड्यातून एकदा गोड्या पाण्यानं धुऊनच वाळवावं. मिठाचा थर नुसता वाळवला तर तिथेच राहतो. गाडी पूर्ण वाळायच्या आत प्लास्टिकचं कव्हर घातलंत तर आत घाम धरतो आणि रात्रीत डिस्क तांबूस होते.

एकच मशीन दोघांसाठी ठेवताना

दोघांना एकाच दिवशी धुणार असाल तर कुत्रा आधी, गाडी नंतर. नॉझलचे दोन संच ठेवा, गाडीच्या संचाला रंगीत टेप गुंडाळा. चेनचं ल्यूब, ब्रेकची काळी भुकटी आणि पॉलिशचा अंश नॉझलच्या तोंडाला चिकटतो, तो कुत्र्याच्या केसांत जाऊ नये आणि त्यानं चाटू नये. कुत्र्यावर वापरण्याआधी प्रत्येक वेळी मशीन एक मिनिट बाहेरच्या दिशेनं मोकळं चालवा, नळीत साचलेली धूळ आणि किडे निघून जातात.

मशीन जळण्याचं सर्वात मोठं कारण फिल्टर. कुत्र्याचे केस हवा आत घेणाऱ्या जाळीवर बसतात, हवा कमी होते, आणि त्याच हवेनं थंड होणारी मोटर तापते. हवा एरवीपेक्षा गरम येऊ लागली किंवा मोटरचा आवाज चढला तर आधी फिल्टर बघा. दर दोन-तीन वापरांनंतर स्पंज काढून साबणाच्या पाण्यात धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा. ओला स्पंज मोटरला पाणी पाजतो. एक सुटा स्पंज घेऊन ठेवला तर थांबावं लागत नाही. नॉझल हातानं बंद करून झोत अडवू नका, त्यानंही मोटर तापते. हातातल्या लहान ब्लोअरला दहा-पंधरा मिनिटांनी पाच मिनिटांची विश्रांती हवी.

हीटर वापरला असेल तर बंद करताना आधी हीटर, मग दोन मिनिटं थंड हवा, मग मोटर. नळी जमिनीवर गुंडाळून ठेवलीत तर पावसाळ्यात आत बुरशी धरते आणि पुढच्या वेळी तीच कुत्र्याच्या अंगावर उडते. दोन्ही तोंडं उघडी ठेवून उभी टांगा. महिनाभर वापर नसला तरी आठवड्यातून एकदा पाच मिनिटं चालवा, म्हणजे मोटरच्या गुंडाळीत ओल मुरत नाही.